कुलूपबंद चित्रपट

चित्रपटाची सीडी विकत घेतली की ती कपाटात राहत असे. हवी तेव्हा लावावी, शेजाऱ्याला द्यावी. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रपटाचे तसे नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत, सांकेतिक रूपात पाठवला जातो. हे तुकडे कोणी वाटेत मिळवले, तरी किल्लीवाचून ते निरर्थक ठरतात. फोनमधील ॲप कंपनीच्या सर्व्हरकडे किल्ली मागते. सर्व्हर वर्गणी, उपकरण व देश तपासून ती ठरावीक मुदतीसाठी देतो. म्हणूनच डाउनलोड केलेला चित्रपटही मुदत संपताच उघडत नाही. पैसे मोजलेल्या ग्राहकाला याचे नवल वाटते. पण त्याने चित्रपट घेतलेला नसतो, पाहण्याची परवानगी घेतलेली असते.

भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. येथे ‘हेतू’ हा शब्द मोलाचा. चोर कोण आणि अंधांसाठी दृश्यांचे निवेदन जोडणारा कोण, हे कुलपाला कळत नाही. कायद्याला मात्र कळते: अपंगांसाठी कलाकृती सुगम करण्याची मुभा त्याच वर्षीच्या दुरुस्तीने काही अटींवर दिली. अशा कामासाठी दुसऱ्यास कुलूप उघडण्यास साहाय्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवावे लागते.