नाताळाची भेट आणि घरची ऐपत

वाचनाचे भाग : लेवीय १२:६–८, लूक २:२२–२४, लूक १४:२८–३०, २ करिंथ ८:१–१२.
पाठांतराचे वचन : २ करिंथ ८:१२.



आगमनकाळाचे रविवार सुरू झाले म्हणजे आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत दोन ठिकाणी तयारी चालू होते. एक मंदिरात आणि दुसरी बाजारात. मंदिरात भिंतींस रंग लागतो, गाण्यांच्या तालमी होतात, मुले आपापले संवाद पाठ करितात. बाजारात कापड घेतले जाते, फराळाचे सामान बांधले जाते, लेकीसुनांस व भाच्यापुतण्यांस काय द्यावे याचा विचार होतो. पहिल्या तयारीविषयी उपदेशपीठावरून पुष्कळ बोलले जाते. दुसरीविषयी आम्ही पाळक बहुधा मौन धरितो. जणू पैशाची पिशवी मंदिराच्या दाराबाहेरच ठेवावयाची असते. आजचा धडा त्या पिशवीविषयी आहे. तो लिहिण्यास आम्ही का प्रवृत्त झालो हे प्रथम सांगितले पाहिजे.

१. एका नाताळाची हकिकत

आमच्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांतील गोष्ट. नाताळाच्या आधल्या रविवारी आम्ही मोठ्या उत्साहाने जाहीर केले की, सर्व मुलांनी नवे कपडे घालून कार्यक्रमास यावे, म्हणजे मंदिर शोभून दिसेल. नाताळाच्या सकाळी मंदिर खरोखरच शोभून दिसले. परंतु एक कुटुंब आले नाही. आईबाप व तीन मुले, एरवी एकही उपासना न चुकविणारी. आम्ही त्या दिवशी गव्हाणीत निजविलेल्या बाळकाविषयी उपदेश केला. दुपारी त्या घरी गेलो, तो दार लोटलेले होते आणि मुले आत बसून होती. बाप खाली पाहून म्हणाला, “पाळकसाहेब, मागल्या नाताळाच्या कपड्यांची उधारी अजून फिटली नाही. दुकानदार नवे देत नाही, आणि ते जुने कपडे तर पोरांना आखूड झाले.”

कपडे आखूड झाले तरी त्यांचे पैसे फिटावयाचे होते! हे वाक्य आमच्या मनातून आजवर गेले नाही. ज्याच्या जन्मदिवशी त्याच्या आईजवळ त्याला ठेवावयास गव्हाणीखेरीज जागा नव्हती, त्याच्या मंदिरात येण्यास त्या मुलांस लाज वाटली. आणि ती लाज आमच्याच जाहिरातीने उत्पन्न केली होती. त्या माणसाचा दोष काय? आपल्या मुलांनी इतरांच्या मुलांत उणे दिसू नये असे त्यास वाटले, इतकाच.

२. दोन पक्ष्यांचे अर्पण

आता शास्त्राकडे वळू. बाळंतपणानंतर शुद्धीकरणाचे दिवस पुरे झाले म्हणजे आईने एक कोकरू व एक पक्षी अर्पावा असे नियमशास्त्रात सांगितले आहे. तथापि त्याच अध्यायाच्या शेवटी अशी सवलत आहे की, कोकरू देण्याची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्यांची दोन पिले पुरेत. किंबहुना लेवीयाच्या पाचव्या अध्यायात पापार्पणाविषयी आणखी एक पायरी खाली उतरून, ज्यास पक्षीही परवडत नाहीत त्याने थोडा सपीठ आणावा, असे म्हटले आहे. म्हणजे ऐपतीचा हिशेब ही माणसाच्या कंजूषपणाने काढलेली पळवाट नव्हे. तो हिशेब स्वतः देवाने आपल्या नियमांत घालून ठेविला आहे.

लूक सांगतो की, योसेफ व मरीया बाळ येशूस घेऊन यरुशलेमेस आली तेव्हा त्यांनी पक्ष्यांचेच अर्पण केले. यावरून ते घर गरीब होते हे कळते. प्रसंग सामान्य नव्हता. देवदूताचा निरोप मिळालेला, मेंढपाळ येऊन गेलेले. अशा पुत्रासाठी कोकरूच पाहिजे असे कोणाही आईबापांस वाटले असते. परंतु त्या कुटुंबाने गरिबांसाठी नेमलेले अर्पण उघडपणे मंदिरात आणिले, आणि त्यात कमीपणा मानिला नाही. त्याच वेळी शिमोनाने ते बाळ हातांत घेऊन देवाचा धन्यवाद केला. अर्पण किती मोलाचे आहे हे त्याने विचारिले नाही.

येथे कोणी म्हणेल, “पण मागी लोकांनी सोने आणिले होते!” खरे आहे. परंतु मत्तयाचे शब्द नीट वाचा. त्यांनी आपल्या स्वतःच्या द्रव्याच्या पेट्या उघडून सोने, ऊद व गंधरस ही अर्पिली. पेटी त्यांची होती व तिच्यातील सोनेही त्यांचे होते. दुसऱ्याची पेटी उघडून दिलेली भेट ही देणाऱ्याची भेट नसते. उधारीने आणिलेले लुगडे आम्ही बहिणीस देतो तेव्हा वस्तुतः दुकानदाराने दिलेले असते. आम्ही केवळ ते पोहोंचते करितो, आणि मागाहून वर्षभर त्याचे मोल भरितो. पौलाने करिंथकरांस हेच शिकविले की, मनाची उत्सुकता असेल तर माणसाजवळ जे आहे त्याच्या मानाने दान मान्य होते, जे नाही त्याच्या मानाने नव्हे. या धड्याचे सार हेच होय.

३. हातातील पैसा कोणाचा?

नाताळाच्या सुमारास खेड्यातील पुष्कळ घरी पैसा दिसतो, आणि म्हणूनच फसगत होते. ऊसतोडीस जाणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळते. ती मिळकत नव्हे. पुढे कित्येक महिने कोयता चालवून फेडावयाचे ते कर्ज होय. सोयाबीन किंवा कापूस विकून आलेला पैसाही सगळा आपला नसतो. त्यात बियाणाचा, खताचा व सोसायटीचा वाटा असतो. पगारदार माणसाच्या पगारातून हप्ते आधीच कापलेले असतात. यास्तव बाजारास जाण्यापूर्वी पहिला प्रश्न, “हातात किती आहे?” हा नसून, “यातील आपले किती आहे?” हा होय.

कर्जाचे गणितही एकदा मुलांकडून पाटीवर करवून घ्यावे. दरमहा शेकडा ५ हे शब्द कानास हलके लागतात. परंतु सणासाठी २,००० रुपये असे घेतले तर महिन्यास १०० रुपये व्याज झाले; वर्षात १,२०० रुपये व्याजापोटी गेले आणि पुढच्या नाताळास मूळचे २,००० रुपये जसेच्या तसे उभे! हा दर वर्षास शेकडा ६० पडला. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे, हेही आपल्या लोकांस ठाऊक असावे.

अलीकडे सावकार दाराशी यावा लागत नाही. तो मोबाइलमध्येच बसलेला असतो. दोन बोटांनी कर्ज मिळते, आणि मागाहून वसुलीचे फोन नातलगांस जातात अशा तक्रारी पुष्कळ झाल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशा कर्जांसाठी नियम घालून दिले. त्यांप्रमाणे कर्जाचा सर्व खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे कर्ज देण्यापूर्वीच लेखी कळविले पाहिजे. जेथे असा कागद मिळत नाही, तेथे क्षणभरही थांबू नये. परंतु सर्वांत उत्तम मार्ग हा की, आनंदाच्या दिवसासाठी कर्जच काढू नये.

४. अंदाजपत्रक कसे करावे?

बुरूज बांधणारा मनुष्य आधी बसून खर्चाचा अंदाज करितो, असे प्रभूने म्हटले. “आधी” आणि “बसून” या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. दुकानात उभे राहून केलेला अंदाज हा दुकानदाराचा अंदाज असतो.

नवराबायकोने एके संध्याकाळी दिवा लावून एकत्र बसावे. प्रथम सणास वेगळी काढता येईल ती रक्कम ठरवावी. मग माणसांची नावे लिहावी, आणि शेवटी वस्तूंची. उदाहरणार्थ, एका घरी ३,००० रुपये ठरले असे समजा. त्यांची वाटणी अशी होऊ शकेल :

नाताळाचे अर्पण : ३०० रुपये
मुलांचे कपडे : १,२०० रुपये
फराळाचे सामान : ७०० रुपये
नातलगांस भेटी : ४०० रुपये
एखाद्या गरजू घरी : २०० रुपये
ऐनवेळेसाठी राखून : २०० रुपये

हे केवळ एक उदाहरण आहे. ज्याच्या घरी १,००० असतील त्याने १,००० ची वाटणी करावी. मात्र अर्पण व गरजूचा वाटा हे कितीही लहान असले तरी यादीत आधी लिहावे; शेवटी उरेल ते देऊ म्हटले तर शेवटी काही उरत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

कागद केल्यावर तो पाळण्याची खरी कसोटी बाजारात लागते. त्यासाठी चार गोष्टी ध्यानात धराव्या. पहिली, ठरलेले पैसे वेगळ्या पाकिटात घालून न्यावे आणि बाकीचे घरी ठेवावे. पाकीट रिकामे झाले म्हणजे बाजार संपला. दुसरी, एक बाब वाढली तर त्याच वेळी दुसरी कमी करावी, आणि तसे कागदावर लिहावे. तिसरी, एकावर एक फुकट असे दिसले तर आपल्या यादीत ती पहिली वस्तू आहे काय हे पाहावे. नसेल तर दुसरीही फुकट नव्हे. चौथी, खरेदी शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नये, कारण घाईत माणूस भाव विचारीत नाही.

मुलांपासून हा कागद लपवू नये. “यंदा इतकेच आहे” असे बापाने शांतपणे सांगितले तर मुले समजतात. त्यांस खरे दुःख होते ते आईबापांच्या भांडणाचे आणि दाराशी आलेल्या धनकोचे.

पुढील वर्षासाठीही पौलानेच मार्ग दाखविला आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही वेगळे काढून ठेवावे, असे तो १ करिंथ १६:२ यात सांगतो. तो प्रसंग यरुशलेमेच्या पवित्र जनांसाठी वर्गणीचा होता. पण रीत सर्व कामी उपयोगी आहे. जानेवारीपासून दर रविवारी ४० रुपये डब्यात टाकले तर ५० आठवड्यांत २,००० रुपये होतात. ज्या घराने सणास २,००० रुपये कर्ज काढून वर्षभर १,२०० रुपये व्याज भरिले, त्याच घराने हे केले असते तर?

५. मंडळीचे कर्तव्य

हा भार एकट्या गृहस्थावर टाकून मंडळीस मोकळे होता येत नाही. पंगतीस सर्वांच्या देखत कोण किती देतो याची चढाओढ, वर्गणीची नावे मोठ्याने वाचणे, कपड्यांवरून मुलांस पुढे-मागे उभे करणे, या रीती गरिबास कर्जाकडे ढकलतात. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने पाहिल्या. त्या मंदिराच्या खजिनदाराने वाचून दाखविल्या नव्हत्या.

त्या नाताळानंतर आम्ही मंडळीच्या वडिलांपुढे आपली चूक कबूल केली. पुढील वर्षी असे ठरले की, मुलांनी स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत यावे, नव्याची गरज नाही; आणि मेंढपाळांच्या प्रवेशात जो तो आपल्या घरची घोंगडी घेऊन येईल. ते कुटुंब त्या वर्षी पहिल्या बाकावर बसले होते. थोरला मुलगा आजोबांची घोंगडी खांद्यावर टाकून गव्हाणीपाशी उभा होता. ती जुनी होती व एका कडेस ठिगळ होते, परंतु तिच्यावर कोणाचे देणे नव्हते.

विचारासाठी प्रश्न

१. नियमशास्त्रात गरिबांसाठी वेगळे अर्पण का नेमिले असावे?
२. मागी लोकांच्या भेटी व उधारीच्या भेटी यांत भेद कोणता?
३. आपल्या घरी सध्या असलेल्या पैशांतून देणी वजा जाता सणासाठी किती उरतात? हे या आठवड्यात कागदावर लिहून काढा.
४. आपल्या मंडळीतील कोणत्या रीतीमुळे एखाद्या गरीब घरास नाताळाच्या दिवशी दार लोटून बसावे लागत असेल? ती बदलण्यासाठी यंदा कोण बोलेल?