वाटूरच्या शिवारात वर्गमित्रांचा मुक्काम

दहावीनंतर पांगलेल्या वर्गाला मंगल कार्यालयात गाठलं की हार-तुरे, भाषणं आणि जेवण होतं. गप्पा राहून जातात. त्यापेक्षा एक रात्र शेतात काढावी. जालना, मंठा आणि परतूरकडचे रस्ते वाटूर फाट्यावर मिळतात, म्हणून इथल्या शिवाराचं उदाहरण घेतो.

आधी माणसं शोधा. यात महिना-दोन महिने सहज जातात. शाळेत जाऊन हजेरीपटावरची नावं मिळतात का ते विचारा. वडिलांच्या नावासकट मिळाली तर उत्तम. मुलं कुठं ना कुठं सापडतात, मुली सापडत नाहीत, कारण आडनाव बदललेलं असतं. तिथं माहेरचा रस्ता धरायचा. भाऊ गावात असतो, त्याच्याकडे निरोप ठेवा. ‘ताईचा नंबर द्या’ म्हणण्याऐवजी आपला नंबर द्या. तिला वाटलं तर ती फोन करेल. विचारल्याशिवाय कुणालाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात ओढू नका. आणि कोण आता हयात नाही, याची चौकशी याच वेळी करून ठेवा. ऐन मेळाव्यात हौसेनं हजेरी घेताना त्याचं नाव पुकारलं जाणं फार वाईट.

तारीख पुण्या-मुंबईच्या सुट्ट्या बघून ठरवू नका. जो गावात राहिला, त्याला विचारा. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी चालू असेल तर तो येईल, पण त्याचं अर्धं लक्ष मजुरांकडे राहील. डिसेंबरअखेर ते जानेवारी बरा; ज्वारी हुरड्यात येते. दाणा दाबला की चीक निघाला पाहिजे, आणि ही अवस्था थोडेच दिवस टिकते. म्हणून महिना आधी ठरवा, पक्का दिवस त्याला सांगू द्या. अमावास्येजवळचा शनिवार मिळाला तर चांदण्यांची चैन.

नागपूरकडच्यांनी समृद्धीवरून मेहकरला उतरून लोणार, मंठा करत यावं. पुण्याकडच्यांनी संभाजीनगर-जालन्यावरून. रेल्वेनं येणाऱ्यांना परतूर स्टेशन. तिथं गाडी पाठवा. सगळ्यांनी उजेडात पोचायचं, कारण शेतरस्ता रात्री सापडत नाही.

तंबूची जागा दिवसा बघा. काळ्या रानात भेगा असतात, खुंट्या धरत नाहीत. मुरमाड तुकडा किंवा खळ्याची जागा घ्या. बिनकठड्याच्या विहिरीपासून लांब राहा आणि तिच्याभोवती दिवसाच दोरी बांधा. रानडुकरांसाठी शेजारच्या बांधावर तारेत करंट सोडलेला असतो का, हे मालकाला स्पष्ट विचारा. हा प्रश्न विसरण्यासारखा नाही. शेतीची लाईट रात्रपाळीची असेल तर मध्यरात्री मोटार सुरू होऊन तंबूखाली पाणी येऊ शकतं, तेही विचारा. पहाटे थंडी झोंबते. जाड पांघरूण प्रत्येकानं आपलं आणावं, सकाळी बूट झटकून घालावेत. बायकांसाठी जवळच्या घरातलं स्वच्छतागृह आधीच बोलून ठेवा. ही सोय नसेल तर मुक्काम रद्द करून दिवसाचाच कार्यक्रम करा.

आगटी कडब्याच्या गंजीपासून दूर, वाऱ्याची दिशा बघून खणा. गोवऱ्या पेटवून धग खाली बसू द्या. कणसं जाळात नव्हे, तापल्या राखेत खुपसायची. भाजली की गरम असतानाच हातावर मळून दाणे काढायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, तीळ, गूळ, दही. मळायला दोन-तीन हात बसवा. तिथं जे बोलणं होतं ते माईकवर होत नाही. पगार-पदाच्या ओळखीची फेरी तेवढी टाळा. सरांना दुपारी बोलवा, अंधाराच्या आत घरी पोचवा. बाटलीचा प्रश्न मी सरळ सोडवतो: नको. एकदा ती आली की पुढच्या वर्षी वर्गातल्या मुली येत नाहीत.

खर्चाची वर्गणी एकाच्याच खात्यावर, हिशेब ग्रुपात. शेत ज्याचं, त्याच्याकडून वर्गणी घ्यायची नाही. उलट कणसांचे पैसे त्याला द्यायचे. तो ‘राहू दे रे’ म्हणेल. तरी द्या, हुरड्यात गेलेलं कणीस त्याच्या पोत्यातून कमी होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवरून मंठ्यावरून लोणार. उल्कापातानं बसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे, आणि 2020 पासून त्यातलं सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. अभयारण्य आहे, आत तंबू किंवा चूल नाही. ऊन चढण्याआधी उतरा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी वरच थांबून दैत्यसूदन मंदिर बघावं. एक जण त्यांच्यासोबत राहिलाच पाहिजे.

तिथून नागपूरवाले मेहकरकडे सुटतात, पुणेकर सिंदखेडराजा, जालना करत जातात. वाटूरच्या मित्राला मात्र उलट्या दिशेला परतायचं असतं. त्याला कोणती गाडी सोडणार, हे आदल्या रात्रीच ठरवा. नाहीतर ‘मी जातो एसटीनं’ म्हणून तो स्टँडकडे चालू लागतो आणि सगळे हात हलवत बसतात.