गाडीचे पुढचे सस्पेन्शन घरी तपासताना



खड्ड्यातून जाताना पुढून खट खट आवाज येऊ लागला, की आपण आधी जॅक काढतो. मीही तेच केलं होतं. पावसाळा होता, अंगणात मुरूम. जॅकचं बूड एका बाजूला रुतलं आणि गाडी धपकन खाली आली. मुलगा टॉर्च आणायला घरात गेला होता, म्हणून वाचलो.

खरं तर निम्मी तपासणी गाडी न उचलताच होते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करून किल्ली काढा आणि चाकामागे टॉर्च मारा. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडवरचं रबरी बूट फाटलंय का? फाटलं की ग्रीस बाहेर येतं, धूळ-पाणी आत जातं आणि सांधा झिजतो. शॉकअपवर तेल ओघळलंय का, लोअर आर्मच्या बुशला चिरा आहेत का, हेही पाहा. एवढ्या भागात मुलांना जरूर सोबत घ्या.

चाक हलवून पाहायचं तर मात्र उचलावं लागतं. तेव्हा मुलं लांब. जमीन सपाट नि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओट. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक आणि घोडी लावा. डिकीतला जॅक उचलण्यापुरता. वजन घोडीवर टेकवा. घोडीऐवजी विटा रचू नका, त्या अचानक फुटतात. शिवाय स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. एवढं करूनही अंग गाडीखाली घालायचं नाही.

आता घड्याळ आठवा. चाक १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. खडखडलं तर दुसऱ्या मोठ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बहुधा बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर धरल्यावर स्टिअरिंग थोडं फिरणारच; पण आधी टक् असा ढिलेपणा जाणवला तर टाय रॉड एंडचा संशय घ्या.

बॉल जॉइंट निखळला तर चाक चालत्या गाडीत आडवं पडतं. तो ढिला वाटला तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.