छपराची परीक्षा

रोहिणी नक्षत्र लागले की बेळगाव-खानापूरकडील कौलारू घरांतून एकच प्रश्न निघतो: यंदा छपराचे काय करावयाचे? गेल्या पावसाळ्यात कोठे कोठे पातेली मांडावी लागली, ते आई आठवून सांगते. आजोबांचे म्हणणे असते, "कौले परतून घ्या, म्हणजे झाले." घरातील कर्त्या तरुणास मात्र सारे छप्पर उतरवून नवेच घालावे असे वाटते. या दोहोंत खरे कोणाचे?

प्रश्न साधा दिसतो, परंतु साधा नाही. छप्पर बदलावयाचे म्हणजे कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक खर्ची पडावयाची. उलट, बदलणे अवश्य असता चालढकल केली, तर प्रसंग जिवावर बेततो. 2019 च्या ऑगस्ट महिन्यात अतिवृष्टीने व पुराने बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली, ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा हा निर्णय अंदाजाने न करता परीक्षा करूनच घ्यावयास हवा. ती परीक्षा कशी करावी, हे या लेखात पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. छपराचे दोन भाग असतात: एक पांघरूण व दुसरा सांगाडा. कौले हे पांघरूण होय. आढे, वासे आणि रिपा हा सांगाडा होय. पांघरूण फाटले तर ठिगळ लावता येते. सांगाडा मोडला तर ठिगळाचा उपयोग नाही. गळती दिसते ती पांघरुणाची. धोका असतो तो बहुधा सांगाड्यात. हा भेद न कळल्यामुळेच काही जण चांगले छप्पर मोडतात, तर काही जण मोडके छप्पर वर्षानुवर्षे डोक्यावर बाळगतात.

आता पांघरुणाची परीक्षा. आपल्याकडील पुष्कळ घरांवर मंगळुरी कौले आहेत. मंगळूर येथे बाझेल मिशनने 1865 साली अशा कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ही कौले सर्वत्र पसरली. तत्पूर्वी कुंभाराने घडविलेली नळीची कौले वापरीत. मंगळुरी कौलाचा विशेष असा की, एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि पाणी आत न शिरता उताराने निघून जाते. म्हणून कौल फुटले नसले, तरी खाचेतून सरकले की गळती सुरू होते. माकडांच्या उड्यांनी असे नेहमी घडते. भर दुपारी माळ्यावर अंधार करून बसावे. जेथून उजेडाचा कवडसा येईल, त्याच्या शेजारच्या रिपेवर खडूने खूण करावी. कौलाच्या ठिकाणी मुद्दाम बसविलेली काच तेवढी यातून वगळावी.

येथे एक सावधगिरी हवी. पाणी जेथे ठिबकते, तेथेच छिद्र असते असे नाही. आमच्या पाहण्यातील एका घरात लागोपाठ तीन वर्षे माजघरावरील कौले बदलली, तरी गळती थांबेना. शेवटी पाण्याचा ओघळ वाशावरून उलट वर शोधीत गेल्यावर कळले की, दोन पाखी मिळतात तेथील पन्हळीचा पत्रा गंजून फुटला होता. पत्र्याचा एक तुकडा बदलला आणि गळती थांबली. सारे छप्पर काढले असते, तर केवढा खर्च वाया गेला असता!

कौल चांगले की वाईट, हे कान सांगतो. सुके कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवावे. पक्के कौल खणखणीत वाजते. तडा गेलेले बद्द आवाज देते. दुसरी परीक्षा विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावी. उतरवलेले कौल उन्हात पूर्ण वाळवून तोलावे आणि 24 तास पाण्यात बुडवून, पुसून, पुन्हा तोलावे. अडीच किलोचे कौल तीन किलोहून अधिक भरले, तर त्याने आपल्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक पाणी प्याले, असा हिशेब होतो. असे कौल झिरपते, त्यावर शेवाळ धरते आणि ते सांगाड्यास ओल पुरविते.

त्या ओलीबरोबर भारही वाढतो. मंगळुरी कौल सुमारे 41 सेंटिमीटर लांब असते आणि एका चौरस मीटरास सुमारे 15 कौले लागतात. दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ 60 चौरस मीटर असेल, तर 900 कौले झाली. प्रत्येकी अडीच किलो धरल्यास 2,250 किलो वजन झाले. त्यांनी एक-षष्ठांश पाणी शोषले, तर आणखी 375 किलोंची भर पडते. हा सारा भार वाशांवर येतो. म्हणून आता सांगाड्याकडे वळू.

प्रथम घरापासून दूर उभे राहून आढ्याची रेषा पाहावी. ती सरळ असली पाहिजे. मध्ये झोळ दिसला, अथवा पाख्याला पोट आलेले दिसले, तर आत काही तरी खचले आहे असे समजावे. मग घरात येऊन वाशांची टोके पाहावीत. वासा मध्ये क्वचितच कुजतो. भिंतीत शिरतो तेथे आणि वळचणीला, जेथे ओल रेंगाळते, तेथे प्रथम कुजतो. तेथे दाभण टोचून पाहावे. लाकूड निरोगी असेल तर ते जेमतेम टोकभर जाते; लोण्यात शिरावे तसे शिरले, तर वासा आतून गेला. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर ती वाळवी होय. खाली पिठासारखा भुसा पडत असेल, तर लाकडात भुंगा आहे. भिंतीच्या माथ्याला नवी तिरकी भेग पडली असेल, तर सुतार व गवंडी या दोघांसही बोलावणे अवश्य आहे.

एवढे पाहून झाल्यावर निर्णय कठीण राहत नाही. खुणा दोन-चार जागी असतील आणि सांगाडा निरोगी असेल, तर कौले परतावीत, फुटकी तेवढी बदलावीत, आजोबांचे खरे. एक-दोन वासे कुजले असतील, तर तेवढेच बदलावेत. परंतु आढे वाकले असेल, वाशांची टोके ओळीने कुजली असतील, किंवा दरवर्षी दुरुस्ती करूनही दरवर्षी नव्या जागी गळत असेल, तर छप्पर बदलण्याची वेळ आली. तेथे तरुणाचे खरे. त्या वेळीही खणखणीत वाजणारी कौले टाकून देऊ नयेत. ती नव्या सांगाड्यावर पुन्हा चढविता येतात.

नवे छप्पर घालताना कौलांऐवजी सिमेंटची गच्ची घालण्याचा मोह अनेकांस होतो. जुन्या भिंतींवर असे करण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेतलाच पाहिजे. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरास सुमारे 250 किलो भरते. कौलांचे 40 किलोंहून कमी. मातीच्या भिंतीने पिढ्यान्‌पिढ्या जो भार वाहिला, त्याच्या सहापट ओझे तिच्यावर एकाएकी घालणे म्हणजे घर सुरक्षित करणे नव्हे.

विद्यार्थिमित्रांस एक सूचना. ही परीक्षा जमिनीवरून व माळ्यावरून करावयाची आहे. छपरावर चढणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. आपण एक वही करावी. कोणत्या पावसात, कोठे, किती गळले, कोणत्या वर्षी कोणती दुरुस्ती झाली, हे तीत लिहावे. दोन-तीन पावसाळ्यांची अशी नोंद हाताशी असली, की पुढच्या रोहिणीत आजोबा आणि वडील यांच्यात वाद होणार नाही. दोघेही ती वही मागतील आणि मग सुताराला निरोप धाडतील.