पंचवीस वॅटचा आयर्न, टी१२ की हाक्को?

प्रश्न : कशेळ्याकडच्या एका गावात मी घरीच एलईडी बल्ब, टीव्ही आणि पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड दुरुस्त करतो. माझ्याकडे २५ वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न आहे. संध्याकाळी तो धड तापतच नाही. आता स्टेशन घ्यावे म्हणतो. कोणी ९३६ सांगतो, कोणी टी१२. हाक्कोची किंमत ऐकून मागे फिरलो. पैसे नेमके कशात घालू?
— एक वाचक, कर्जत तालुका

उत्तर : संध्याकाळी आयर्न तापत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण निम्मे उत्तर त्यातच आहे. साध्या आयर्नमध्ये फक्त एक तापणारी तार असते आणि तिची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २५ वॅट देणारा आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॅट देतो. तुमच्याच परिसरातले खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईला वीज पुरवत आले. पण लांबलेल्या लाइनच्या टोकाच्या घरात, सगळे पंप एकदम चालू झाले की, दाब घसरतोच. तेव्हा तुमच्या हाताला दोष देऊ नका. टाका नीट न धरणे, म्हणजे ‘ड्राय सोल्डर’, व्होल्टेजमुळेही होत असेल.

आता स्टेशनांकडे वळू. दुकानात वॅट आणि डिस्प्लेवरचा आकडा दाखवतात. मी त्या दोन्हींना दुय्यम मानतो. बिट तांब्याच्या जाड पट्टीला टेकला की त्याची उष्णता पट्टी ओढून घेते. डिस्प्लेवर ३५० दिसत असते आणि टोक त्याच्या बरेच खाली गेलेले असते. ही घट यंत्राला किती लवकर कळते आणि गेलेली उष्णता किती लवकर भरून निघते, यावर स्टेशनची खरी किंमत ठरते.

९३६ हे मूळचे हाक्कोचे मॉडेल. कंपनीने ते केव्हाच बंद केले, पण त्याच्या नकला आजही सर्वत्र विकल्या जातात. त्यात सिरॅमिकच्या कांडीत हीटर आणि सेन्सर असतात आणि बिट त्या कांडीवर टोपीसारखा बसतो. कांडी आणि बिट यांच्यामध्ये हवेची फट राहते, म्हणून उष्णता टोकाला उशिरा पोचते आणि टोक थंडावल्याची खबर सेन्सरलाही उशिरा लागते. नकलेत ही फट मोठी असली तर ६० वॅट लिहिलेले यंत्रही जाड टॅगवर दमते. अस्सल हाक्को एफएक्स-८८८डी याच पद्धतीचे आहे, पण त्याची जुळणी इतकी काटेकोर असते की फरक पहिल्याच टाक्याला जाणवतो.

टी१२ मध्ये हीटर, सेन्सर आणि टोक एकाच कांडीत असतात. हा बिटही हाक्कोचाच. त्याचा हीटर साधारण ८ ओहमचा असतो, म्हणजे २४ व्होल्टवर सुमारे ७० वॅट. तुमच्यासाठी महत्त्वाचे असे की यातल्या बऱ्याच स्टेशनांना एसएमपीएस सप्लाय असतो. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल, तर घरातला दाब १८० वर आला तरी बिटला २४ व्होल्टच मिळतात. पावसाळ्यात वीज गेली तर काही कंट्रोलर लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. १९ व्होल्टवर सुमारे ४५ वॅट मिळतात, तेवढ्यात पुष्कळ काम होते. १२ व्होल्टवर मात्र १८ वॅटच उरतात, तिथे बारीक टाक्यांपुरतेच समाधान मानावे.

स्पेनच्या जेबीसीची स्टेशने याच तत्त्वावर याहून चपळ चालतात, पण त्यांची किंमत दिवसभर मोबाइलचे बोर्ड करणाऱ्यालाच परवडेल. हाक्को मला मनापासून आवडते. तरीही तुमच्या कामाला आणि तुमच्या लाइनला चांगला टी१२ संच पैशांच्या मानाने जास्त देईल, असे माझे स्पष्ट मत आहे. अट एकच, अर्थिंग.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण स्वस्त संचात इथेच काटकसर केलेली असते. एसएमपीएसमधून थोडी गळती टोकापर्यंत येते. अर्थ नसेल तर हाताला झिणझिण्या येतात आणि बोर्डावरचा मॉसफेट नकळत मरतो. घेण्याआधी मल्टीमीटरने बिटचे टोक आणि प्लगची अर्थ पिन यांमधला रोध मोजा. तो २ ओहमच्या आत हवा. दोन पिनांचा प्लग असलेला संच घेऊ नका. घरचे अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडची कातळाची जमीन कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

तापमानाचे थोडक्यात. ६३-३७ चे कथील-शिसे १८३ अंशांना वितळते, त्याला ३२० ते ३५० पुरे. युरोपने २००६ मध्ये शिशावर बंधने आणल्यापासून नव्या टीव्हींच्या बोर्डांवर बहुधा शिसेविरहित सोल्डर असते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून तिथे थोडे वाढवा. पण ४०० वर ठेवून काम उरकायची सवय लावू नका. फ्लक्स जळतो, तांब्याचा ट्रॅक उचलला जातो आणि बिट काळा पडतो. तो काळा पडला तरी कानस लावू नका. आतल्या तांब्यावर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की बिट संपला. पितळी जाळीत पुसा आणि बंद करण्याआधी टोकावर कथील चढवून ठेवा. सुईसारख्या बिटऐवजी चपटा, छिन्नीच्या टोकाचा घ्या, उष्णता त्यातूनच नीट उतरते. खिडकी उघडी ठेवा, फ्लक्समधल्या राळेचा धूर दम्याला कारण ठरू शकतो.

खरेदीला मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर कर्जत लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. सोबत मल्टीमीटर आणि एक जुना पॉवर सप्लायचा बोर्ड घ्या. त्याच्या जाड अर्थ टॅगवर दोन-तीन टाके लागोपाठ घालून बघू द्या म्हणावे. जो दुकानदार ना म्हणेल, त्याच्या शेजारी जा. रविवार टाळा, बहुतेक दुकाने बंद असतात.