शब्दयोगी अव्ययांची फसगत

मराठींत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागाहून येतें, इंग्रजींत तें नामापूर्वीं येतें. आपलें ‘पद्मतीर्थाजवळ’ तें त्यांचें ‘नियर पद्मतीर्थ’. हा उलटा क्रम आमचे विद्यार्थी लवकर शिकतात. चुका होतात त्या मराठी शब्दाचें जसेंच्या तसें भाषांतर केल्यामुळें.

‘गुरुजी माझ्यावर रागावले’ यांतील ‘वर’ पाहून मुलगा ‘अँग्री ऑन मी’ लिहितो. पाहिजे ‘अँग्री विथ मी’. ‘त्यानें तिच्याशीं लग्न केलें’ म्हणून ‘ही मॅरीड विथ हर’ लिहितो. वास्तविक ‘ही मॅरीड हर’, तेथें अव्यय नकोच. ‘दोन वर्षांपासून वाशिमास राहतों’ यांत ‘सिन्स टू इयर्स’ नव्हे, ‘फॉर टू इयर्स’. ‘सिन्स’ आरंभ दाखवितें: ‘सोमवारपासून’ म्हणजे ‘सिन्स मंडे’.

कधीं एवढ्याशा शब्दानें अर्थच फिरतो. ‘थ्रो द बॉल टू हिम’ म्हणजे त्यास झेलतां येईल असा चेंडू फेक. ‘थ्रो द बॉल अ‍ॅट हिम’ म्हणजे त्यास नेम धरून मार!

यास्तव विद्यार्थ्यांनो, क्रियापद एकटें पाठ करूं नका. अव्ययासह पूर्ण वाक्य वहींत लिहा. पालकांस इंग्रजी येत नसलें तरी चिंता नाहीं. तीं वाक्यें मुलांकडून रोज सायंकाळीं मोठ्यानें म्हणवून घ्यावीं. कानास वळण लागलें कीं लेखणी चुकत नाहीं.