म्हातारपणाचा दवाखाना आणि विम्याचा कागद

मागच्या पाठात आपण बँकेचे पासबुक वाचायला शिकलो. आज त्याहून थोडा अवघड कागद हाती घेऊ. हा कागद आहे आरोग्य विम्याचा. घरात साठीच्या पुढचे माणूस असेल, तर हा पाठ त्याच्याजवळ बसून मोठ्याने वाचा.

विमा म्हणजे काय? भिशी तुम्हाला ठाऊकच आहे. भिशीत प्रत्येकाची पाळी येते. विम्यात तसे नाही. पुष्कळजण हप्ता भरतात आणि ज्याच्यावर दुखणे कोसळते त्याच्या दवाखान्याचा खर्च त्यातून होतो. जो आजारी पडत नाही, त्याचा हप्ता परत येत नाही. म्हणून काही लोक म्हणतात, "पैसे फुकट गेले." पण शेताला कुंपण घातले आणि वर्षभर गुरे आत शिरली नाहीत, तर कुंपणाचे पैसे फुकट गेले असे आपण म्हणतो का?

खेड्यात म्हातारे माणूस पडले, हाड मोडले, की घरात पहिला प्रश्न निघतो, "पैसे कुठून आणायचे?" मग डोरले गहाण पडते. दुभती म्हैस बाजारात जाते. आणि कित्येकदा ते म्हातारे माणूसच म्हणते, "माझं आता काय राहिलंय? माझ्यापायी खर्च करू नका." हे बोलणे आम्ही पुष्कळ घरांत ऐकले आहे. त्यातली कितीतरी दुखणी बरी होण्यासारखी असतात. माणूस उगाच वर्षानुवर्षे खाटेवर राहते.

तेव्हा विमा विकत घेण्याआधी एक गोष्ट पाहा. तुमच्या घरात विमा आधीच असेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल!

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. पूर्वी ती ठराविक रेशनकार्डांपुरती होती. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू झाली. कार्ड पिवळे असो, केशरी असो की पांढरे, दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा इलाज यातून होतो.

दुसरी योजना केंद्र सरकारची. तिचे नाव आयुष्मान भारत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून या योजनेत सत्तरी गाठलेल्या प्रत्येक माणसाला घेतले आहे. शेत किती, उत्पन्न किती, हे कोणी विचारत नाही. त्या कार्डाला वय वंदना कार्ड म्हणतात. यातही वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत खर्च होतो. घरात आजी व आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून आहे. घरातील तरुण माणसांना त्यात वाटा नाही. जुने दुखणे असले तरी चालते. गावातले माजी सैनिक लष्कराच्या आरोग्य योजनेत असतील, तर त्यांनी दोहोंपैकी एकच निवडायची असते.

कार्डाला पैसे पडत नाहीत. आशाताईंना विचारा, त्या वाट सांगतील. पण दोन अडचणी येतात, त्या आधीच सांगून ठेवतो. वय आधार कार्डावरून धरतात. आपल्या म्हाताऱ्यांचे जन्मसाल पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते, आणि तारीख मात्र १ जानेवारी! आजोबा खरे पंचाहत्तरचे आणि कागदावर सदुसष्टचे, असे असेल तर वय वंदना कार्ड निघणार नाही. दुसरी अडचण अंगठ्याची. जन्मभर खुरपे आणि नांगर धरून बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र त्या ओळखत नाही. तेव्हा हात हलवत परत येऊ नका. चेहरा दाखवून किंवा मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवरूनही ओळख पटवता येते. ही कामे माणूस धडधाकट असतानाच करावीत. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आता मुख्य प्रश्न. लोक विचारतात, "विमा किती लाखांचा?" आम्ही म्हणतो, आधी विचारा, "दवाखाना कोणता?" तुमच्या गावाहून एस. टी.ने किंवा जीपने रात्री-अपरात्री जिथे पोहोचता येईल, त्या दवाखान्यात हे कार्ड चालते का? पाच लाखांचे कार्ड आहे, पण ते चालणारा दवाखाना दीडशे किलोमीटरवर आहे. मग ते कार्ड छातीत कळ आली असता काय कामाचे?

म्हणून एखाद्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात, की दवाखान्यात शिरून चौकशी करा. योजनेच्या दवाखान्यात एक टेबल असते. तिथे आरोग्यमित्र बसतो. त्याच्याशी असे बोला.

"दादा, इथं वय वंदना कार्ड चालतं का?"

"चालतं, बाबा."

"सगळ्या आजारांना?"

"नाही. हाडांच्या ऑपरेशनला चालतं. हृदयाचं काम इथं होत नाही, त्याला जिल्ह्याला जावं लागेल."

हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. दवाखान्याचे नाव यादीत असले, तरी काही ठराविक इलाजांपुरतेच असू शकते. उत्तर वहीत लिहून ठेवा. चौकशी फोनवरही होते. आयुष्मान योजनेचा नंबर १४५५५ आणि फुले योजनेचा १५५३८८. दाखल होताना कार्ड लगेच दाखवा, घरी सोडायच्या दिवसाची वाट पाहू नका. योजनेत बसणाऱ्या इलाजाला कोणी वर पैसे मागितले, तर पावती मागा आणि याच नंबरांवर कळवा.

या योजना दाखल होऊन घ्यायच्या इलाजासाठी आहेत. रोजच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या त्यातून मिळत नाहीत. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून इलाज मोफत केला आहे.

मग पैसे भरून कंपनीचा विमा घ्यावा का? आमचे मत असे, की फुकटची दोन्ही कार्डे पाहिल्यावाचून घेऊ नये. जवळचा चांगला दवाखाना योजनेत नसेल, आणि दरवर्षी हप्ता भरण्याची ताकद असेल, तर जरूर विचार करावा. एक वर्ष भरून पुढे सोडून द्यायचा असेल, तर त्यात पडू नये. पासष्टीनंतर विमा मिळतच नाही, ही समजूत आता जुनी झाली. १ एप्रिल २०२४ पासून वयाची ती अट राहिलेली नाही. कंपनी तपासणी करील, हप्ता जास्त मागेल, कधी नाहीही म्हणेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. कोणी कराचे म्हणून १८ टक्के जोडले, तर हिशेब विचारा.

आता एजंट घरी आला, असे समजा. तो फॉर्म भरतो आहे.

"आजोबा, साखर आहे का?"

"आहे की. आठ वर्षं गोळी घेतोय."

"राहू द्या, लिहीत नाही. हप्ता वाढेल."

इथे आजोबांनी पेन धरावे आणि म्हणावे, "लिहा. मी सही करतोय, तुम्ही नाही." कारण पुढे दवाखान्यात जुने कागद निघतात, कंपनी म्हणते तुम्ही दुखणे लपवले, आणि पैसे नाकारते. त्या वेळी एजंट जवळ नसतो. खरे लिहिले तर काय होईल? त्या जुन्या दुखण्यासाठी काही काळ थांबावे लागेल. हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे अशा कामांनाही बहुतेक पॉलिसीत थांबावे लागते. किती, ते पॉलिसीत लिहिलेले असते. तो आकडा बोट ठेवून वाचा.

आणखी दोन आकडे शोधा. एक, रुग्णाचा वाटा. त्याला को-पेमेंट म्हणतात. समजा पॉलिसीत २० टक्के लिहिले आहे आणि बिल झाले ६०,००० रुपये. तर १२,००० तुमचे, ४८,००० कंपनीचे. दुसरा आकडा खोलीच्या भाड्याचा. हा फार फसवा आहे. पॉलिसीत रोज ३,००० ची खोली बसते आणि पोराने हौसेने ६,००० ची घेतली. तुम्हाला वाटेल, वरचे ३,००० भरले की झाले. तसे नसते. पुष्कळ पॉलिसींत डॉक्टरची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात अर्धा कापतात.

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. म्हणून ती ट्रंकेत ठेवू नका. शाळेतल्या गुरुजींकडून, शिकलेल्या नातवाकडून वाचून घ्या. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा म्हणेल, "आई, तुझं नाव माझ्या कंपनीच्या विम्यात आहे." चांगली गोष्ट आहे. पण तो विमा त्याच्या नोकरीबरोबर चालतो. नोकरी सुटली तर पुढे काय, हे त्याला आजच विचारा.

कंपनीने पैसे नाकारले तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यांची कचेरी मुंबईला आहे आणि पुण्यालाही आहे. फी नाही, वकील लागत नाही. तुम्हाला आता अर्ज लिहिता येतो.

वहीत लिहा :

आपल्या घरात साठीपुढची माणसे किती? आधार कार्डावर त्यांचे वय काय आहे?

आपल्या गावापासून कार्ड चालणारा दवाखाना कोणता? तिथे कोणत्या दुखण्यांचा इलाज होतो?

पॉलिसीत १० टक्के रुग्णाचा वाटा आहे. बिल ४५,००० रुपये झाले. घरचे किती भरावे लागतील?